दोन ताऱ्यांमधली फट: दुर्बिणीचं रिझोल्यूशन म्हणजे काय

आकाशदर्शनाला दुर्बीण लावली की रांगेतला पहिला प्रश्न ठरलेला असतो: “हिच्यातून किती पट मोठं दिसतं?” साताऱ्यात यवतेश्वरच्या पठारावर असो की सांगलीत एखाद्या शाळेच्या मैदानात, प्रश्न तोच. विचारणाऱ्यांचा दोष नाही. दुर्बिणीच्या खोक्यावर तोच आकडा सगळ्यांत मोठ्या अक्षरांत छापलेला असतो आणि मुलांसाठी दुर्बीण घ्यायला निघालेले आईवडील त्यावरूनच ठरवतात. पण डोळा लावतो ते छोटं भिंग, म्हणजे आयपीस, बदललं की हा आकडाही बदलतो. दुर्बिणीच्या अंगचा गुण वेगळाच आहे. एकमेकांना बिलगून असलेल्या दोन गोष्टी ती दोन म्हणून दाखवू शकते का, आणि त्या किती जवळ आल्या की तिलाही त्या एकच वाटायला लागतात, हा तो गुण. त्याला रिझोल्यूशन म्हणतात, पाठ्यपुस्तकात विभेदनक्षमता. ‘किती पट’पेक्षा ‘किती जवळचं वेगळं’ हे विचारायची सवय लागली, तर दुर्बिणी घेताना होणारे निम्मे अपेक्षाभंग टळतील असं मला मनापासून वाटतं.

रात्री अजिंक्यताऱ्यावरून महामार्गाकडे बघा. लांबून आपल्या दिशेनं येणारी गाडी सुरुवातीला प्रकाशाचा एकच ठिपका असते. ती जवळ येत जाते आणि एका टप्प्यावर त्या ठिपक्याचे दोन दिवे होतात. दिव्यांमधलं अंतर तर आधीही तेवढंच होतं, साधारण सव्वा ते दीड मीटर. वाढला तो कोन: डाव्या दिव्याकडून डोळ्याकडे येणारी रेघ आणि उजव्या दिव्याकडून येणारी रेघ यांच्यामधला. तो कोन डोळ्याच्या मर्यादेपेक्षा मोठा झाला त्या क्षणी एकाचे दोन झाले. गाडीऐवजी दोन तारे घ्या आणि डोळ्याऐवजी दुर्बीण, हिशेब अगदी हाच राहतो.

म्हणून आकाशातलं माप किलोमीटरमध्ये नसतं, कोनात असतं. पंचांग चाळणाऱ्यांना ते परकं नाही. १ अंशाच्या ६० कला, १ कलेच्या ६० विकला. इंग्रजीतून शिकलेले आर्क मिनिट आणि आर्क सेकंद म्हणतात ते हेच. पूर्ण चंद्र साधारण अर्ध्या अंशाचा, म्हणजे तिसेक कलांचा दिसतो. निरोगी डोळ्याची मर्यादा सुमारे १ कला. दोन दिव्यांत १.४ मीटर अंतर धरलं तर पावणेपाच किलोमीटरवर त्यांच्यात बरोबर १ कलेचा कोन होतो. हे कागदावरचं झालं. प्रत्यक्षात दिव्यांचा झगमगाट डोळ्यात पसरतो आणि ते दोन दिसायला गाडी त्याहून बरीच जवळ यावी लागते. सप्तर्षींमधले वसिष्ठ आणि अरुंधती एकमेकांपासून सुमारे १२ कलांवर आहेत, म्हणून चष्म्याचा नंबर बरोबर असलेल्या कुणालाही ते वेगळे दिसतात. पण त्यातला वसिष्ठ स्वतःच जोडतारा आहे. त्याच्या दोन घटकांत १४ विकलांची फट आहे, आणि तिथे डोळा हरतो. गॅलिलिओचा शिष्य बेनेदेत्तो कास्तेल्ली यानं १६१७ साली दुर्बिणीतून ती फट पाहिली.

आता मुख्य गोष्ट. दुर्बिणीलाही मर्यादा का असावी? भिंग निर्दोष घासलं, हवा पूर्ण शांत असली, तरी दोन तारे अमुक एका अंतराहून जवळ असले की ते वेगळे दिसणारच नाहीत, असं का? यात कारागिराची काही कसूर नसते. प्रकाश हा तरंग आहे, हे त्याचं कारण.

एका ताऱ्याचा प्रकाश दुर्बिणीच्या तोंडावर पडतो तेव्हा भिंगाच्या प्रत्येक भागातून आलेले तरंग नाभीपाशी एकत्र येतात. ताऱ्याची प्रतिमा जिथे पडायला हवी त्या नेमक्या बिंदूवर सगळे तरंग एका ठेक्यात पोहोचतात, शिखराला शिखर मिळतं, आणि तो बिंदू उजळतो. त्या बिंदूच्या किंचित बाजूला काय होतं ते पाहू. तिथे भिंगाच्या डाव्या कडेचा तरंग आणि उजव्या कडेचा तरंग यांना सारखं अंतर कापावं लागत नाही, एकाला थोडं जास्त जावं लागतं. तरीही फरक अगदी थोडा असला तर तरंग बऱ्यापैकी एकमेकांशी जुळतात आणि तिथेही प्रकाश पडतो. म्हणजे तारा कितीही बिंदुवत असला तरी त्याची प्रतिमा बिंदू राहत नाही, तिची छोटीशी तबकडी होते. आणखी बाजूला सरकत गेलं की एका जागी दोन कडांमधला फरक एका पूर्ण तरंगलांबीच्या जवळपास येतो. तिथे भिंगाच्या डाव्या अर्ध्या भागातल्या प्रत्येक ठिकाणासाठी उजव्या भागात असं ठिकाण सापडतं, की जिथला तरंग अर्ध्या लांबीनं मागे आहे. शिखरावर दरी येते, प्रकाश प्रकाशाला पुसून टाकतो, आणि तबकडीभोवती काळं कडं तयार होतं. त्याच्या बाहेर फिकट प्रकाशाची कडी एकात एक दिसतात. याला विवर्तन म्हणतात, आणि मधल्या तबकडीला एअरीची तबकडी. जॉर्ज एअरी या इंग्रज खगोलशास्त्रज्ञानं तिचं गणित १८३५ साली मांडलं.

भिंग जितकं रुंद, तितका दोन कडांमधला फरक लवकर वाढतो. थोडंसं बाजूला सरकलं तरी तो एका तरंगलांबीइतका होतो, म्हणून काळं कडं केंद्राच्या जवळ येतं आणि तबकडी लहान होते. मोठ्या भिंगातून तारा अधिक बारीक दिसतो तो यामुळे. तरंगलांबी मोठी असेल तर याच्या उलट: तबकडी फुगते. सगळं रिझोल्यूशन या दोन राशींच्या भागाकारात आहे, तरंगलांबी भागिले व्यास. भिंग चौकोनी असतं तर एवढ्यावर भागलं असतं. गोल भिंगाच्या कडेला क्षेत्रफळ कमी पडतं, म्हणून १.२२ नं गुणावं लागतं.

दोन तारे शेजारी असले की दोन तबकड्या शेजारी पडतात. एकीचं केंद्र दुसरीच्या पहिल्या काळ्या कड्यावर आलं की ती वेगळं ओळखण्याची सीमा मानावी, असं लॉर्ड रॅले यांनी १८७९ मध्ये सुचवलं. हिरव्या प्रकाशासाठी हिशेब सोपा होतो: १३८ ला दुर्बिणीच्या मिलिमीटरमधल्या व्यासानं भागा, उत्तर विकलांमध्ये मिळतं. ६० मिलिमीटरची दुर्बीण २.३ विकला. १५० ची ०.९२. २०० ची ०.६९. विल्यम डॉज हे एकोणिसाव्या शतकातले धर्मोपदेशक जोडताऱ्यांचे पट्टीचे निरीक्षक होते. त्यांना प्रत्यक्ष बघताना आढळलं की सारख्या तेजाचे दोन तारे याहून थोडे जवळ असले तरी ओळखू येतात, कारण दोन तबकड्या अर्ध्याअधिक मिसळल्या तरी मधली कंबर जाणवते. त्यांच्या नियमात १३८ च्या जागी ११६ येतात. दोन्ही आकडे खरे आहेत. रॅले यांचा ठरवून घेतलेला, डॉज यांचा अनुभवाचा.

आता ‘किती पट’कडे परत येऊ. आयपीसनं प्रतिमा मोठी केली की तबकडीही मोठी होते आणि फटही. दुर्बिणीच्या तोंडाशी जी फट मिसळून गेली ती आयपीस परत आणू शकत नाही. डोळ्याला किमान १ कला लागते, आरामात दिसायला दोन-अडीच, म्हणून २.३ विकलांची फट आरामात दिसावी यासाठी ती साठ-सत्तर पट तरी मोठी करावी लागते. त्याच्या दुप्पटीपर्यंत जायला हरकत नाही. यावरून निरीक्षकांचा जुना ठोकताळा आला आहे: व्यासाच्या मिलिमीटरच्या दुप्पट, त्यापुढे जाऊ नये. ६० मिलिमीटरच्या दुर्बिणीला १२० पट. तिच्या खोक्यावर ‘६७५ पट’ लिहिलेलं असेल तर तो आकडा गणितानं खोटा नसतो, तेवढं मोठं होतं खरंच. पण दिसतो तो अंधूक, थरथरता, मोठा गोळा. शाळेसाठी दुर्बीण घेणाऱ्या शिक्षकांना माझं कळकळीचं सांगणं आहे की पट विचारू नका, व्यास विचारा. आणि स्टँड डळमळत नाही ना, ते हातानं हलवून बघा. स्टँड हलला की गुरू डोळ्यासमोर नाचत राहतो आणि त्यावरचे पट्टे कुणालाच दिसत नाहीत.

व्यास मोठा म्हणजे सगळं आपोआप आलं, असंही नाही. मोठ्या दुर्बिणींत भिंगाऐवजी आरसा असतो, आणि त्याचा पृष्ठभाग तरंगलांबीच्या अंशाइतका अचूक नसेल तर तरंग एका ठेक्यात पोहोचतच नाहीत. हबल दुर्बीण १९९० मध्ये अवकाशात गेली तेव्हा तिच्या २.४ मीटरच्या आरशाची कड सुमारे २ मायक्रोमीटरनं जास्त सपाट घासली गेली होती. केसाच्या जाडीचा तो साधारण पन्नासावा भाग, पण तेवढ्यानं चित्रं धूसर झाली. १९९३ च्या डिसेंबरात अंतराळवीरांनी दोष भरून काढणारी उपकरणं बसवली तेव्हा कुठे ती लख्ख झाली. आपल्याकडे परावर्ती दुर्बीण गाडीत घालून घाट चढला की आरसे थोडे सरकतात, म्हणून वर पोहोचल्यावर आधी त्यांची दिशा जुळवून घ्यावी लागते. त्याला कोलिमेशन म्हणतात. हे दहा मिनिटांचं काम टाळलं, तर २०० मिलिमीटरची दुर्बीण ८० च्या दुर्बिणीसारखं दाखवते.

रांगेतला दुसरा ठरलेला प्रश्न चंद्रावरच्या झेंड्याचा. मुलं विचारतातच, आणि प्रश्न उत्तम आहे, कारण त्याचं उत्तर पाटीवर काढता येतं. चंद्राच्या अंतरावर १ विकला म्हणजे जवळपास १.८६ किलोमीटर. नुसत्या डोळ्याला १ कला, म्हणून चंद्रावर शंभर किलोमीटरहून लहान काही ओळखू येत नाही. १५० मिलिमीटरच्या दुर्बिणीतून पावणेदोन किलोमीटरपर्यंत उतरता येतं. प्लेटो हे सुमारे १०० किलोमीटर रुंदीचं विवर आहे. त्याच्या सपाट तळावरची दोन-अडीच किलोमीटरची विवरं दिसतात का, ही अशा दुर्बिणीची जुनी परीक्षा. हबलची मर्यादा ०.०५ विकला, म्हणजे चंद्रावर नव्वदेक मीटर. अपोलो यानांचे जे खालचे भाग तिथे राहिले ते सुमारे ४ मीटर रुंद आहेत. पृथ्वीवरून त्यांचा कोन ०.००२२ विकला होतो. १३८ ला त्यानं भागा: साठ मीटरहून मोठा आरसा लागेल, आणि तेही फक्त इथे काहीतरी लांबट आहे एवढं कळायला. चिलीत बांधकाम सुरू असलेल्या दृश्य प्रकाशाच्या जगातल्या सर्वांत मोठ्या दुर्बिणीचा आरसा ३९ मीटरचा आहे. झेंडा तर फारच दूर राहिला.

मग त्या जागांचे फोटो आले कुठून? चंद्राभोवती फिरणाऱ्या यानांकडून. आपल्या चांद्रयान-२ च्या ऑर्बायटरवरचा कॅमेरा शंभर किलोमीटर उंचीवरून पाव मीटरचा तपशील टिपतो. याचा कोन काढला तर येतो अर्धी विकला! म्हणजे कोनाच्या भाषेत तो कॅमेरा हौशी निरीक्षकाच्या चांगल्या दुर्बिणीइतकाच बारकाईनं बघतो. फरक एवढाच की तो चार हजार पट जवळ जाऊन बघतो.

शनीची गोष्ट रिझोल्यूशनच्या इतिहासातली मला सर्वांत आवडणारी. १६१० साली गॅलिलिओनं शनीकडे दुर्बीण रोखली तेव्हा त्याला मध्ये एक मोठा गोळा आणि दोन बाजूंना दोन लहान गोळे दिसले. त्यानं ते तसंच नोंदवलं, तीन ग्रह एकमेकांना टेकलेले. काही वर्षांनी कडी आपल्याला नेमकी कडेवरून दिसू लागली, बाजूचे गोळे गायब झाले आणि तो चक्रावला. कडी तर १६१० मध्येही चाळीस विकलांहून जास्त रुंद दिसत होती. कडी आणि ग्रह यांच्यातली काळी पोकळी दिसण्याइतकी सुटसुटीत प्रतिमा मात्र त्याच्या भिंगातून पडत नव्हती. क्रिस्तियान हायगेन्सनं अधिक चांगल्या भिंगांनी १६५५ पासून निरीक्षणं केली आणि १६५९ मध्ये ग्रहाला कुठेही न टेकणाऱ्या पातळ कड्याचा उलगडा जाहीर केला. पुढे १६७५ मध्ये कासिनीला त्या कड्यात काळी फट दिसली. गॅलिलिओच्या निरीक्षणशक्तीत काही उणं नव्हतं. त्याच्या दुर्बिणीनं त्याच्यापर्यंत जेवढं पोहोचवलं तेवढं त्यानं प्रामाणिकपणे लिहिलं.

कासिनीच्या फटीत आणखी एक गंमत आहे. तिची रुंदी सुमारे ४,८०० किलोमीटर, शनी आपल्याला सर्वांत जवळ असताना पाऊण विकला. हिशेबानं तिला जवळपास २०० मिलिमीटरची दुर्बीण हवी. पण हवा शांत असेल तेव्हा ८० किंवा १०० मिलिमीटरच्या दुर्बिणीतूनही ती कड्याच्या दोन टोकांपाशी दिसते. कारण रॅले आणि डॉज यांचे नियम दोन बिंदूंसाठी आहेत. उजळ पार्श्वभूमीवरची लांब काळी रेघ मर्यादेहून अरुंद असली तरी तिच्या जागी उजेड थोडा कमी होतो, आणि रेघ लांब असल्यामुळे डोळा तो फरक पकडतो. ती खरी किती रुंद आहे, हे मात्र त्यावरून कळत नाही. दिसणं आणि मोजता येणं यांत अंतर राहतं.

याच्या उलटही घडतं. व्याधाचा जोडीदार, म्हणजे मरणोत्तर आकुंचन पावलेला श्वेतबटू, सध्या त्याच्यापासून अकरा विकलांच्या आसपास आहे. विकलांवरूनच ठरवायचं तर तो कुठल्याही लहान दुर्बिणीत सुटा दिसायला हवा. पण व्याध त्याच्याहून सुमारे दहा हजार पट तेजस्वी. व्याधाच्या तबकडीभोवतीची कडी आणि हवेनं पसरवलेला उजेड यांत तो बुडून जातो, आणि २०० मिलिमीटरच्या दुर्बिणीतूनही फार थोड्या रात्री गवसतो. रॅले यांचा आकडा सारख्या तेजाच्या जोडीसाठी आहे हे इथे विसरून चालत नाही.

आता हवा. आपल्या भागातल्या निरीक्षकांना भिंगापेक्षा हवेशीच जास्त झगडावं लागतं, म्हणून इथे थोडं थांबते.

गरम हवा विरळ, थंड हवा दाट. प्रकाश दोघींतून वेगवेगळ्या वेगानं जातो. आपल्या डोक्यावरच्या हवेत अशा गरम-थंड पुंजक्यांची सतत सरमिसळ चालू असते. ताऱ्याकडून प्रकाशाचा तरंग लाखो कोटी किलोमीटर सपाट येतो, आणि शेवटच्या दहा-पंधरा किलोमीटरमध्ये चुरगळतो. त्याचाच परिणाम म्हणून तारा लुकलुकतो आणि दुर्बिणीत त्याची प्रतिमा उकळल्यासारखी दिसते. निरीक्षक याला ‘सीइंग’ म्हणतात. सामान्य ठिकाणी हवेमुळे ताऱ्याचा ठिपका दोन-तीन विकलांपर्यंत पसरतो, चांगल्या ठिकाणी एकीपर्यंत येतो, आणि जगातल्या उत्तम पर्वतशिखरांवर अर्ध्या विकलेच्या आसपास. चुरगळलेल्या तरंगाचा जो तुकडा सपाट म्हणता येईल तो सामान्य रात्री दहाएक सेंटिमीटरचा असतो. दुर्बीण त्याहून लहान असली तर प्रतिमा एकसंध राहते पण नाचते. त्याहून बरीच मोठी असली की प्रतिमेचे तुकडे होतात. पुणे जिल्ह्यात गिरवलीला ‘आयुका’ या खगोलसंस्थेची २ मीटरची दुर्बीण आहे. १३८ च्या हिशेबानं तिनं ०.०७ विकला दाखवायला हवी, पण हवा तिला विकलेच्या अलीकडे येऊ देत नाही. एवढा मोठा आरसा तरीही लागतो, कारण प्रकाश गोळा करणं हे दुर्बिणीचं दुसरं मोठं काम, आणि त्यावर हवेचा फारसा अंमल चालत नाही.

कासकडचं आकाश साताऱ्याच्या आकाशापेक्षा खूप काळं, म्हणून तिथे सगळं जास्त स्पष्ट दिसेल असा समज असतो. आकाशगंगेसाठी, तेजोमेघांसाठी तो बरोबर आहे. शनी किंवा जोडतारा बघायचा असेल तर काळोखापेक्षा स्थिर हवा हवी, आणि या दोन गोष्टी एकत्र येतीलच असं नाही. सह्याद्रीच्या धारेवरून येणारा वारा डोंगर ओलांडताना घुसळला जातो. पठारावर आकाशगंगा पसरलेली असते आणि गुरू मात्र पाण्यात बुडवल्यासारखा हलत असतो, अशा रात्री तिथे जाणाऱ्यांच्या चांगल्या ओळखीच्या आहेत. उलट थंडीत सांगलीला कृष्णाकाठच्या सपाट भागात वारा पडतो, पहाटे धुकं धरायला लागतं, आकाश थोडं दुधट दिसतं. बरेच जण अशा वेळी दुर्बीण आवरतात. ग्रह बघायचे असतील तर आवरू नका. हवेचे थर निवांत असले की धूसर आकाशातही शनीची कडी कोरल्यासारखी दिसते.

काही गोष्टी आपल्या हातातही असतात. दिवसभर तापलेला सिमेंटचा स्लॅब मध्यरात्रीपर्यंत उष्णता सोडत राहतो, म्हणून गच्चीपेक्षा गवताचं मैदान बरं. पत्र्यांच्या छपरांवरून बघू नये. घरातून आणलेली दुर्बीण तासभर बाहेर ठेवावी. आरसा गरम आणि बाहेरची हवा गार असली की दुर्बिणीच्या नळीतच वाफेसारख्या लहरी उठतात. क्षितिजाजवळचा तारा बघू नये, तो वर येईपर्यंत थांबावं: ३० अंश उंचीवर डोक्यावरच्यापेक्षा दुप्पट हवेतून बघावं लागतं. आणि बघताना डोळा आयपीसला लावून ठेवावा. वाईट रात्रीही अधूनमधून क्षणभर हवा स्थिरावते आणि त्या क्षणात सगळा तपशील समोर येतो. ग्रहांचे फोटो काढणारे हेच यंत्रानं करतात. काही मिनिटांत हजारो चित्रं घेतात, त्यांतली स्थिर क्षणांची निवडतात आणि एकावर एक रचतात.

कॅमेऱ्याचा विषय निघालाच आहे तर एवढं सांगते: आयपीसला मोबाइल लावून फोटो काढताना मेगापिक्सेल वाढवून फटी उघडत नाहीत. एअरीच्या तबकडीवर दोन-तीन पिक्सेल पडले की पुरे. त्याहून जास्त पिक्सेल त्याच तबकडीचे अधिक बारीक तुकडे करतात, नवीन काही आणत नाहीत.

मोठ्या वेधशाळांनी हवेवर उपाय काढला आहे. आरशामागे शेकडो छोटे दट्टे बसवायचे, हवेनं तरंग कसा चुरगळला ते सेकंदात शेकडो वेळा मोजायचं, आणि आरसा नेमका तेवढाच उलटा वाकवायचा. आकाशात लेझरनं कृत्रिम तारा उमटवून हे मोजमाप करता येतं. दुसरा उपाय हबलचा, हवेच्या बाहेर जाण्याचा.

व्यास वाढवण्याचीही एक युक्ती आहे. वर पाहिलं की रिझोल्यूशन ठरतं ते दोन कडांकडून येणाऱ्या तरंगांतल्या फरकावरून. मग मधला भाग नसला तरी चालेल! अल्बर्ट मायकेलसन आणि फ्रान्सिस पीझ यांनी १९२० मध्ये माउंट विल्सनच्या अडीच मीटरच्या दुर्बिणीवर आडवी तुळई लावून तिच्यावर सुमारे ६ मीटरपर्यंत दूर नेता येणारे आरसे बसवले आणि मृग नक्षत्रातल्या काक्षीचा व्यास मोजला: ०.०४७ विकला. सूर्य सोडून दुसऱ्या ताऱ्याचा आकार मोजण्याची ती पहिली वेळ.

ही युक्ती पूर्णपणे फळाला आली ती रेडिओ दुर्बिणींत, कारण तिथे तिच्यावाचून गत्यंतरच नव्हतं. रेडिओ तरंग प्रकाशापेक्षा लाखो पट लांब. नारायणगावजवळ खोडदला प्रा. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे, ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना-तबकड्यांची. त्यातली एकटी तबकडी हायड्रोजनच्या २१ सेंटिमीटर तरंगलांबीवर जेमतेम २० कला वेगळं करू शकते, डोळ्यापेक्षाही वीस पट वाईट. म्हणून त्या तबकड्या २५ किलोमीटरच्या परिसरात पसरल्या आहेत आणि त्यांचे संकेत एकत्र जुळवले जातात. मग रिझोल्यूशन येतं सुमारे २ विकला. पंचवीस किलोमीटर पसरलेली ही दुर्बीण दिसण्यातल्या बारकाव्यात ७० मिलिमीटरच्या भिंगाच्या बरोबरीला येते. तरंगलांबी भागिले व्यास या सूत्राची ताकद मला याहून चांगल्या उदाहरणानं दाखवता येत नाही. १.३ मिलिमीटर तरंगलांबी घेतली आणि तबकड्या पृथ्वीभर पसरल्या, की तेच सूत्र सुमारे ०.००००२ विकलेपर्यंत नेतं. एम ८७ दीर्घिकेतल्या कृष्णविवराभोवतीचं जे चित्र एप्रिल २०१९ मध्ये जगानं पाहिलं, त्यातलं कडं ०.००००४ विकलेच्या थोडं वर आहे. म्हणून ते कडं दिसलं, पण जेमतेम.

तुमच्याकडे दुर्बीण असेल तर तिची परीक्षा घ्यायला जोडतारेच सर्वांत चांगले, कारण त्यांच्या फटी मोजलेल्या आहेत आणि शहरातल्या उजेडातही ते दिसतात. सोप्यापासून सुरू करा. हंस तारकासमूहातला अल्बिरिओ ३४ विकलांचा, एक सोनेरी आणि एक निळसर. कुठल्याही दुर्बिणीत सुटतो. मग उन्हाळ्यातल्या संध्याकाळी वसिष्ठ, १४ विकला. फेब्रुवारी-मार्चमध्ये पुनर्वसूतला कॅस्टर, सुमारे साडेपाच. इथे ६० मिलिमीटरच्या दुर्बिणीला शंभर पटीजवळचं आयपीस लावा, दोन स्वच्छ ठिपके दिसतील. सिंहेतला अल्जीबा, ४.७ विकला, एप्रिलच्या रात्री सातारा-सांगलीच्या जवळजवळ डोक्यावरून जातो, त्यामुळे हवा कमीत कमी आडवी येते. त्यापुढचा ज्येष्ठा अवघड आहे: अडीच-पावणेतीन विकलांवरचा जोडीदार तिच्या लाल तेजात दडलेला असतो. तिथे २०० मिलिमीटर आणि फार शांत रात्र हवी.

खरी कसोटी अभिजितच्या शेजारी. पाऊस संपून ऑक्टोबरात आकाश निवळलं की अंधार पडताना अभिजित पश्चिमेकडे अजून चांगला उंच असतो. त्याच्याजवळचा एप्सिलॉन हा फिकट तारा साध्या द्विनेत्रीतून दोन दिसतो, साडेतीन कलांवर. त्यातला प्रत्येक पुन्हा जोडतारा आहे, फट सुमारे सव्वादोन विकला. ६० मिलिमीटरची दुर्बीण इथे अगदी तिच्या मर्यादेवर येते: बहुतेक रात्री दोन लांबट ठिपके, आणि एखाद्या रात्री चार तारे. ८० किंवा १०० च्या दुर्बिणीला दीडशे पटीच्या आसपास नेलं की दोन्ही जोड्या सुटायला हव्यात. त्या सुटल्या नाहीत तर आधी शेजारचा एखादा एकटा तारा बघा. तोही लांबट किंवा शेपटीचा दिसत असेल तर आरसे जुळलेले नाहीत. तो गोल पण उकळता दिसत असेल तर दोष हवेचा आहे, दुर्बिणीचा नाही. दुसऱ्या रात्री पुन्हा बघा.